रोझलिन पावलाकने कॉपी केली म्हणे

मिलवॉकीच्या एका बँकेत कर्जाचे अर्ज पारखण्यात रोझलिन पावलाकची ऐन उमेदीची वर्षं गेली. त्या खात्यातला एकच नियम तिच्या हाडीमाशी मुरला होता. आपण केलेलं काम दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे सरकवायचं नाही. कागदावर वरच दोन नावं, करणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं. एकच नाव दिसलं की साहेब तो कागद परत भिरकावायचा. एकट्याने गुपचूप केलेलं काम म्हणजे काहीतरी काळंबेरं, असं तिथे सगळेच धरून चालायचे.

चव्वेचाळिसाव्या वर्षी ती बँक सोडून विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स शिकायला गेली. कारण साधं होतं. एक्सेलमध्ये ती अशा करामती करायची की खात्याचं निम्मं काम आपोआप व्हायचं, आणि दर नवा साहेब ते बघून विचारायचा, "वा! हे कुणाकडून करून घेतलंत?" या प्रश्नाने तिचं डोकं उठवलं होतं. स्वतःच्या हाताने प्रोग्रॅम लिहायचा आणि तो आपलाच आहे हे कुणाला पटवत बसावं लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

नवरा ड्वेन पालिकेची बर्फ काढायची गाडी चालवायचा. रोज सकाळी तिला दारातून ओरडून विचारायचा, "दप्तर घेतलंस ना, बाळ? शिक्षिकाबाईंना त्रास देऊ नकोस हं!" तीही हसायची. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे, असं तेव्हा तिला वाटायचं.

वर्गात तिच्या शेजारी टीगन बसायची. वीस वर्षांची, गोड बोलणारी, निम्म्या तासांना दांडी मारणारी. सत्राच्या मध्यावर मोठा प्रोग्रॅम लिहायला आला. रोझलिन त्याच्याशी झगडली, दोनदा सगळा मोडून पुन्हा मांडला आणि शेवटी तो चालला. तेव्हा ती स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवत उभी राहिली. मग सवयीप्रमाणे तो पेन ड्राइव्हवर घालून टीगनच्या हातात ठेवला.

"जरा नजर टाक गं. चूकबीक असेल तर सांग."

"एकदम भारी झालंय, रोझलिन," टीगनने दुसऱ्या दिवशी सांगितलं. "काही बदलू नका."

रोझलिनने प्रोग्रॅमच्या डोक्यावर बँकेच्या रीतीने दोन ओळी लिहिल्या, केलं कुणी आणि तपासलं कुणी, आणि समाधानाने तो जमा केला.

आठवड्याने दोघींना चौकशीला बोलावणं आलं. दोघींनी जमा केलेले प्रोग्रॅम तंतोतंत एक, फक्त टीगनच्या प्रोग्रॅममध्ये आतल्या व्हेरिएबल्सची नावं तेवढी बदललेली. समोर प्राध्यापक ॲबरनॅथी आणि समितीच्या दोन बायका बसल्या होत्या.

टीगनचे डोळे भरून आले. "मीच दिला त्यांना माझा. बिचाऱ्यांना काही केल्या जमेना, मला बघवेना. बघा ना, त्यांनीच वर लिहिलंय, मी तपासला म्हणून. ज्याला येतं तोच तपासणार ना?"

रोझलिन ताडकन उठली. "अहो, मी लिहिलाय तो! मी! कुठलीही ओळ विचारा, आत्ता समजावून सांगते."

"मिसेस पावलाक," ॲबरनॅथी समजुतीच्या सुरात म्हणाले, "समजावून काय, पाठ करूनही सांगता येतं. बरं, तुम्ही दोघींनी एकमेकींचं काम बघितलं, हे तर कबूल ना?"

"कबूल काय? मी स्वतःच वर लिहिलंय! न दाखवता दिलं असतं तर बँकेत मला लबाड म्हणाले असते."

"इथे दाखवण्यालाच लबाडी म्हणतात."

टीगनला ताकीद मिळाली, कारण तिचं मन मोठं. रोझलिनला शून्य मिळालं आणि नावापुढे अप्रामाणिकपणाचा शेरा. तीन शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की हे उलटंही असू शकतं. वय झालेल्या बाईने पोरीचं ढापलं, हे त्यांना दोन अधिक दोनाइतकं स्वच्छ दिसत होतं. गाढव लेकाचे!

शुक्रवार होता. ड्वेन नेहमीच्या खानावळीत तळलेला मासा आणि बटाट्याचे वडे समोर घेऊन बसला होता. तिने सगळं सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता, जेवणही थांबवलं होतं त्याने. तिला वाटलं, आता हा टेबलावर मूठ आपटेल.

त्याने तिचा हात हातात घेतला. "रोझ, खरं सांग. केलीस तरी काय झालं? या वयात कुणाला जमतं ते?"

"ड्वेन, माझ्या कॉम्प्युटरने टेबल अडलं म्हणून इतके दिवस तू सोफ्यावर जेवलास. मी काय करत होते तिथे?"

"मला वाटलं, व्हिडिओ बघतेस." तो ओशाळून हसला. "तू आपली बँकेतच बरी होतीस गं."

भांडायला हवं होतं, पण ते त्राणच उरलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "त्या पोरीचंच होतं ते."

"हात्तिच्या! मग एवढं रडायचं काय त्यात?" असं म्हणून ड्वेनने तिच्यासाठी गोड म्हणून चेरी-पाय मागवला. त्याच्या चेहऱ्यावर किती हायसं वाटलेलं दिसत होतं! टीगनला तिने पुढे कधीतरी माफ केलं. ते हायसं वाटणं मात्र तिला आजवर माफ करता आलेलं नाही.