रिकाम्या शेंड्याकडे

बाबा गेल्यानंतर त्यांच्या चवळीच्या वेलावर माव्याची कीड पसरली आणि तिच्या गोड रसासाठी मुंग्यांची रांग लागली. मी साबणाच्या पाण्याने मावा धुऊन काढला. तरीही मुंग्या रिकाम्या शेंड्यापर्यंत जातच राहिल्या.

“अगं, संपलं ना सगळं? कळत नाही का यांना?” आईने विचारले.

“वाटेवर त्यांचाच वास आहे, आई. तो विरेपर्यंत येत राहतील.”

वर्गात सांगावे तसे मी सांगितले. हल्ली मी सगळेच तसे सांगते.

संध्याकाळी त्याच वेलाच्या शेंगांची भाजी करताना, मीठ घालण्याआधी, मी नेहमीप्रमाणे बाबांची अळणी वाटी बाजूला काढली. आईने ते पाहिले. तिने त्या वाटीत चिमूटभर मीठ घातले आणि ती आपल्या ताटात घेतली.