दाराच्या मधला खांब

ताज्या रंगाचा वास आला की मला पनवेलच्या वाचनालयातली ती सकाळ आठवते. नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर विजेच्या नव्या लोकलच्या डब्यांचे नकाशे टांगले होते आणि रेल्वेचे एक साहेब त्यांची रचना समजावत होते. ही लोकल पनवेलपर्यंत आणा, अशी पत्रकं तेव्हा पोरसवदा असलेल्या मीच गावभर वाटली होती. बाजार आटोपून आलेली एक कोळीण मासळीची रिकामी पाटी घेऊन पुढे झाली आणि तिने नकाशातल्या दाराच्या मधल्या खांबावर बोट ठेवलं. "सायेब, या खांबाच्या बाजूनं माजी पाटी आत जाईल काय?" साहेबांनी पाटी नजरेनं मापली. "नाही जाणार. पाटी लहान करा." "आनि पोट? ते पन लहान करू?" लोक हसले, तसे साहेब चिडले. "ही गाडी माणसांसाठी आहे, मासळीसाठी नाही!" माझं रक्त उसळलं. "मग ही माणूस नाही का?" मी ओरडलो आणि लोकल आणण्याच्या मागणीचा कागद तिच्यापुढे धरला. "मावशी, इथे अंगठा द्या." तिने विचारलं, "खांब काडा, असं लिवलंय यात?" लिहिलं नव्हतं. "मंग तू कोनाच्या बाजूचा रं?" असं म्हणून ती निघून गेली. त्या साहेबांचा राग मला आजही येतो. पण तिच्याकडे अंगठा मागणाऱ्या त्या पोराचा जास्त येतो.