बोटावरचा डाग

सांगलीच्या पेठेत नवी हळद आली की त्या वासानं मला शाळेतला एक तास आठवतो. लढाईचे दिवस होते. ज्या शिपायाशी माझं लग्न लावलं होतं तो परमुलखात मारला गेला, आणि पोर निदान मास्तरीण तरी होईल म्हणून वडलांनी मला शाळेत घातलं. रसायनाच्या बाईंनी मला बशीत हळद कालवायला लावली आणि वर चुन्याची निवळी ओतली, तशी हळद लालभडक झाली. "कुंकू असंच करतात. लिंबू पिळलं की परत पिवळं," बाई म्हणाल्या. पोरींनी हसत एकमेकींच्या कपाळाला बोटं लावली. माझ्यापाशी येऊन हात थांबले. "तू राहू दे गं," बाई हळूच म्हणाल्या. घरी आईला माझ्या बोटावर लाल डाग दिसला. "आगं, कुणी बघितलं तर?" म्हणत तिनं लिंबाची फोड चोळली. डाग पिवळा झाला, बाई म्हणाल्या होत्या अगदी तसाच. पण हळदही मला चालत नव्हती, म्हणून आईनं टाचा घासायची वजरी घेतली आणि कातडं सोलवटेपर्यंत बोट घासलं. पुढं मी खरंच मास्तरीण झाले, आणि तो धडा आला की दरसाल पोरींना सांगत राहिले, "हा प्रयोग पुस्तकातनंच वाचून घ्या."