सहीच्या आधी चहा नाही

अख्ख्या लखनौ शहरात चहाला ठामपणे नाही म्हणू शकणारा एकच माणूस आहे, आणि आमचं नशीब असं की तो नेमका आमच्या नात्यातला आहे. ज्या गावात स्कूटरचं पंक्चर काढायला गेलं तरी दुकानदार ‘पहले चाय तो लीजिए’ म्हणत स्टूल पुढे सरकवतो, तिथे माझे मामेसासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा, गेली कित्येक वर्षं खांद्याला स्वतःचा थर्मास अडकवून फिरताहेत. बरं, चहा आवडत नाही म्हणावं तर तसंही नाही. दिवसाकाठी सहा कप लागतात. पण ज्याचं काम तपासायचं, त्याच्याकडचा चहा कागदावर सही होईपर्यंत घ्यायचा नाही आणि काम पुरं असल्याशिवाय सही करायची नाही, हा त्यांचा नियम. हा नियम सांभाळताना त्यांनी या शहरातली जितकी माणसं दुखावली असतील तितकी मी शिव्या देऊनही दुखावली नसती.

मामा मूळचे अकोल्याचे, पाणीपुरवठ्यातले इंजिनिअर. नोकरीची शेवटची दहा-बारा वर्षं त्यांनी आफ्रिकेतल्या गरीब देशांमध्ये काढली. श्रीमंत देश तिथे विहिरी आणि बोअर खणायला मदत पाठवायचे, ती वाटेत मंत्र्यासंत्र्यांपासून ठेकेदारापर्यंत झिरपत जायची, आणि गावात पोचेपर्यंत शंभर मीटरचा बोअर साठ मीटरचा झालेला असायचा. कागदावर मात्र शंभरच. कागदावरचा बोअर आणि जमिनीतला बोअर एकच आहे का, हे स्वतः जाऊन बघणं हे मामांचं काम. निवृत्त झाल्यावर हवाई दलातल्या मुलाकडे म्हणून लखनौला आले, वर्षभरात मुलाची बदली झाली, तो गेला, आणि मामा-मामी इथल्या महानगर नावाच्या वस्तीतल्या भाड्याच्या घरात तसेच राहून गेले. का राहिलात म्हणून कुणी विचारलं की मामी म्हणतात, "यांचं अजून लखनौ तपासून व्हायचंय."

मामांचं तपासणीचं हत्यार म्हणजे एक नायलॉनची दोरी. चांगली सव्वाशे मीटर लांब, दर मीटरला एक गाठ, आणि टोकाला मुठीएवढा लोखंडी नट. बोअरमध्ये नट सोडायचा, तळाला टेकला की वर ओढताना गाठी मोजायच्या. बस्स. साध्या दोरीनं एवढ्या मोठ्या साहेबांची झोप उडते हे मला आधी खरंच वाटायचं नाही. घरी असली की मामी ती गच्चीवर बांधून कपडे वाळत घालतात. गाठींमुळे चिमटे सरकत नाहीत, हा तिचा आणखी एक गुण. शिवाय मामांच्या खिशात टेप असतेच. चिकनकारीच्या साड्यांच्या दुकानात हे गृहस्थ गादीवर गुडघे टेकून साडी मोजायला लागले तेव्हा मी दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे बघून, मी यांच्याबरोबर नाही, असा चेहरा केला होता. साडी वीतभर कमी भरली. दुकानदार कमालीच्या अदबीनं म्हणाला, "हुज़ूर, ठंड में सिकुड़ गई होगी." मामा तितक्याच अदबीनं म्हणाले, "तो गर्मी में आएँगे." आणि खरंच, आम्ही साडी न घेता परत आलो. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलत नव्हते.

घरच्यांना सवलत वगैरे काही नाही. माझ्या लेकीच्या शाळेनं एकदा मामांना विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून बोलावलं. लेकीनं धरणाची प्रतिकृती केली होती. झालं, त्या दिवसापासून निकाल लागेपर्यंत तीन आठवडे मामा आमच्या इंदिरानगरच्या घरी यायचे, सोफ्यावर बसायचे, थर्मास उघडायचे आणि आमच्यासमोर स्वतःचा चहा प्यायचे. मी भाच्याची बायको, माझा चहा म्हणजे लाच. निकालात लेकीला तिसरा नंबर दिला, कारण धरण कोपऱ्यात गळत होतं. तिला मराठी सगळं समजतं, पण भांडते ती हिंदीतून. म्हणाली, "आजोबा, यार, थोड़ा-बहुत लीक तो चलता है ना." मामा शांतपणे म्हणाले, "तिकडचे मंत्रीही मला हेच सांगायचे, बाळा." पोरगी दोन दिवस जेवली नाही, आणि मामांनी तिसऱ्या दिवशी येऊन तिच्याबरोबर बसून ते धरण पुन्हा बांधलं. तेव्हा मात्र चहा घेतला.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगते. शहराच्या टोकाला, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीच्याही पलीकडे, जिथे वसाहत संपून शेतं लागतात, तिथे मुलींची एक शाळा आहे. परदेशातल्या एका संस्थेनं तिला पाण्याचा बोअर दिला होता, आणि काम पुरं झाल्याचा दाखला द्यायला त्यांना इथला कुणी निवृत्त इंजिनिअर हवा होता. मामा अर्थातच तयार. मोटर बसवायच्या आधी दोरी सोडायची म्हणून मी त्यांना गाडीतून घेऊन गेले. मुख्याध्यापिका, ज्यांना तिथे सगळे बडी दीदी म्हणतात, त्या फाटकातच उभ्या होत्या. कागदावर बोअर होता एकशे दहा मीटरचा. नट टेकला. मामांनी दोरी ओढत गाठी मोजल्या. अडुसष्ट. पुन्हा सोडली, पुन्हा अडुसष्ट. बोअर खणणारा ठेकेदार हात चोळत म्हणाला, "साहब, पानी तो निकल ही आया है." निघालं होतं, पण ते वरच्या थराचं पिवळट पाणी, मे महिन्यात तेही आटतं, आणि मग पोरी डबे घेऊन रस्त्यापलीकडच्या हातपंपावर रांग लावतात. मामांनी दोरी गुंडाळली, थर्मास उचलला आणि सही न करता निघाले. बडी दीदी गाडीपर्यंत आल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "सर, साइन कर दीजिए. आधा ही सही. आपने शिकायत लिखी तो वो विदेशवाले सब बंद कर देंगे, फिर कोई नहीं आएगा."

परतीच्या वाटेवर, लखनौतल्याच कपूरथला बाजारापाशी सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मामा एकदम म्हणाले, "सूनबाई, हे वाक्य मी आधी ऐकलंय." मग सांगितलं. तिकडे एका गावात त्यांनी असाच अपुरा बोअर पकडला होता. तीन दिवस मुक्काम होता. एक म्हातारी रोज यांच्यासाठी चहा करून आणायची आणि हे रोज परत पाठवायचे, सहीनंतर घेईन म्हणायचे. मग यांनी खरं ते लिहिलं, एक अक्षर खोटं नाही. मदत देणाऱ्यांनी यांचं कौतुक केलं आणि त्या जिल्ह्याची मदतच बंद केली. ठेकेदाराला काही झालं नाही, मंत्र्याला तर नाहीच. गावातलं खणायचं यंत्र ट्रकवर चढवलं, घातलेले पाइपसुद्धा उपसून नेले. निघताना म्हातारी आली, त्या दिवशी चहा नव्हता. दुभाष्यामार्फत एवढंच विचारलं, आता कोण येणार? "मी चुकलो नव्हतो," मामा म्हणाले, "पण पाणी गेलं ना त्यांचं." इतकी वर्षं मी या माणसाच्या थर्मासची टिंगल करत आले होते. त्या सिग्नलला मला माझीच लाज वाटली.

अहवाल द्यायला महिन्याची मुदत होती. महिन्यात बोअर पुरा झाला नाही तर मामा खोटं लिहिणार नव्हते, आणि खरं लिहिलं की शाळेचं पाणी जाणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी घडीची खुर्ची घेतली, थर्मास घेतला आणि ठेकेदाराच्या दारात जाऊन बसले. त्याचं घर महानगरातच, दोन गल्ल्या सोडून. घोषणा नाही, फलक नाही. ठेकेदार बाहेर आला की नमस्कार करायचा आणि म्हणायचं, "बयालीस मीटर बाकी है." की पुन्हा पेपर वाचायला मोकळे. आता लखनौचा ठेकेदार झाला तरी दारात आलेल्या सत्तरीच्या माणसाला ऊठ म्हणेल कसा? त्यानं आतून चहा पाठवला. मामांनी हात जोडून परत पाठवला. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर खस्ता कचोरी आली, तीही परत. तिसऱ्या दिवसापासून गल्लीतले लोक थांबून बघायला लागले.

ठेकेदाराला सरकारी खात्याची भीती नव्हती, परदेशी संस्थेची तर नव्हतीच. पण घरात त्याची म्हातारी आई होती. या अम्माजींच्या घरातून आयुष्यात कुणी चहा न घेता गेलेलं नव्हतं, आणि इथे एक परका सज्जन माणूस रोज उंबऱ्यात बसून घरून आणलेला चहा पितोय, शेजारीपाजारी बघताहेत. नवव्या दिवशी मी मामांना शाल द्यायला गेले होते, तेव्हा अम्माजी स्वतः कप घेऊन बाहेर आल्या. "भाई साहब, हमारे यहाँ की चाय में क्या ख़राबी है?" मामा उठून उभे राहिले. म्हणाले, "अम्माजी, चाय में कोई ख़राबी नहीं. बच्चियों के पानी में है." आणि पिशवीतली दोरी काढून, अडुसष्टावी गाठ कुठे आणि एकशे दहावी कुठे, ते त्यांना ओट्यावर पसरून दाखवलं. उरलेली दोरी फाटकाबाहेर पार गल्लीच्या टोकापर्यंत गेली. अम्माजींनी ती नजरेनं शेवटपर्यंत बघितली, कप उचलला आणि आत गेल्या. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण ठेकेदाराचा आवाज अजिबात ऐकू येत नव्हता.

चार दिवसांनी खणायचं यंत्र शाळेत परत आलं. खणून झाल्यावर मामांनी दोरी सोडली तेव्हा सगळ्या शाळेनं मिळून गाठी मोजल्या, शंभरनंतर पोरी नाचायलाच लागल्या. एकशे दहा. मामांनी पाटीवर कागद ठेवून सही केली. आठवड्यानं मोटर बसली. पाणी स्वच्छ यायला लागल्यावर बडी दीदींनी आम्हाला बोलावलं आणि त्याच पाण्याचा चहा केला. अम्माजीही मुद्दाम आल्या होत्या, हा माणूस खरंच चहा पितो का ते बघायला. मी सवयीनं मामांचा थर्मास धरायला घेतला, तर तो हलका लागला. त्या दिवशी त्यांनी तो भरलाच नव्हता.

मामांनी चहा घेतला, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. अम्माजी समाधानानं पदर सावरून बसल्या. मग मामांनी रिकामा कप पुन्हा पुढे केला. एका बैठकीत दुसरा कप ते कधीच घेत नाहीत, म्हणून मी म्हटलं, "मामा, आणखी?"

"तिकडचा एक राहिला होता, सूनबाई," ते म्हणाले.

बडी दीदींना यातलं काही कळलं नाही. त्यांनी कप काठोकाठ भरला.