घाट चढणाऱ्या ट्रॅक्टरच्या कड्या

लढाईच्या काळात इमाम लोहार इराकात लष्कराच्या कारखान्यात होता. परत शिराळ्याला आला तो हिवताप आणि दुखरे खांदे घेऊन. भट्टी त्यानं पुन्हा पेटवली खरी, पण जुना हुरूप काही आला नाही. विळे, फाळ, गाडीच्या धावा एवढंच काम तो घेई आणि दुपारनंतर भिंतीला टेकून बसून राही. भाता त्याची बायको अख्तरबी ओढायची. तिचेही हात भरून येत, पण ती तसं कधी बोलली नाही.

त्या उन्हाळ्यात कृष्णात त्याच्याकडे आला. तोही फौजेतून आलेला, आता लालासाहेबांचा ट्रक चालवायचा. लालासाहेब तालुक्यातले मोठे ऊसबागायतदार. त्यांनी एक लहानसा ट्रॅक्टर आणला होता आणि तो माणदेशात, म्हसवडपर्यंत, भाड्यानं नांगरटीला जायचा. त्याची चाकं लोखंडी, वर दातेरी. तशा चाकांनी सडक उखडते म्हणून त्याला सडकेवर चालवायची मनाई होती. मग ट्रकमागं ट्रेलर जोडायचा, त्यावर ट्रॅक्टर चढवायचा आणि सोलांनी, म्हणजे जाड दोरांनी, बांधायचा. पण सोल अडकवायला ट्रॅक्टरला जागाच नव्हती. कधी आसाखालून, कधी स्टिअरिंगच्या दांड्याला, जमेल तसा बांधत. गचक्यांनी सोल सैल पडे. तो आवळायला धुळा नावाचा माणूस ट्रेलरवरच, ट्रॅक्टरच्या चाकाशेजारी बसून असायचा.

मागच्या एका खेपेला कऱ्हाडच्या पुढं सुर्लीचा घाट चढताना ट्रकनं गचका खाल्ला, सोल घसरला आणि ट्रॅक्टर मागं सरकला. धुळाचा पाय चाक आणि फळीच्या मधे सापडला. पाय वाचला, पण गुडघा वाकेना झाला.

कृष्णातचं म्हणणं होतं की इमामनं ट्रॅक्टरला पक्क्या कड्या बसवून द्याव्यात. इमामनं इराकात रणगाडे आणि ट्रक रेल्वेच्या उघड्या डब्यांवर चढवून बांधलेले होते, हे त्याला ठाऊक होतं. इमामनं सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणून सांगितलं. कडी तुटली तर माणूस मरेल, आणि आता आपल्या हाताचा भरवसा आपल्यालाच वाटत नाही, एवढंच तो म्हणाला. कृष्णातनं फार आग्रह केला नाही. तोही थकलेलाच होता.

दोन दिवसांनी धुळाची बायको दगडाबाई आली. डोक्यावरची पाटी खाली ठेवून ती भट्टीच्या दाराशी बसली. रडली नाही, हातही जोडले नाहीत.

"चाचा, त्यो पुन्यांदा तितंच बसणार हाय," ती म्हणाली. "दुसरं काम त्याला कोन देतंय? तुमी कड्या घाला, न्हाईतर नका घालू. त्यो बसणारच."

इमामनं उठून तिला पाणी दिलं आणि कृष्णातला ट्रॅक्टर घेऊन यायचा निरोप धाडला.

ट्रॅक्टर आला तेव्हा पहिला दिवस त्यानं नुसता त्याच्याखाली पडून काढला. मधली गिअरची पेटी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची होती. तिला भोक पाडलं तर ती तडकणार. स्टिअरिंगच्या दांड्यावर ओढ येऊन चालणार नव्हतं. शेवटी त्यानं जागा ठरवल्या. पुढं आस धरणाऱ्या जाड पट्टीवर दोन्ही अंगांना, आणि मागं नांगर जोडायच्या पट्टीवर दोन्ही अंगांना. चारी कड्यांपासून साखळ्या तिरप्या खाली येतील आणि ट्रेलरच्या कोपऱ्यांत बसवलेल्या कड्यांना अडकतील. मग ट्रॅक्टर पुढं-मागंही सरकणार नाही आणि बाजूलाही नाही.

गाडीचा जुना आस तोडून त्यानं अंगठ्याएवढ्या जाडीच्या कड्या वळल्या. पहिली कडी त्यानं चिंचेच्या बुंध्याला अडकवली आणि दुसऱ्या बाजूनं बैलजोडी जुंपली. बैलांनी ओढ घेताच सांधा उकलला. इमाम ती कडी हातात घेऊन खाली बसला. त्या दिवशी तो जेवला नाही. काम सोडून द्यावं असं त्याच्या मनात आलं, आणि तो अख्तरबीला तसं म्हणालाही. ती भात्याजवळच बसून होती. सांध्याला ताव कमी पडला असेल तर आपण आणखी जोरानं ओढू, असं ती म्हणाली आणि पदर खोचून उठली.

दुसऱ्या दिवशी ती घामानं निथळेपर्यंत ओढत राहिली. लोखंड पांढरंफटक होऊन ठिणग्या उडायला लागल्यावरच इमामनं सांधा ठोकला. त्या कडीला बैल हरले. मग बाकीच्या केल्या. बोल्टांखाली रुंद पट्ट्या घातल्या, सोलाच्या जागी साखळ्या आणि त्या आवळायला स्क्रू बसवले. काम पुरं झालं तेव्हा इमामला उजवा हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता.

पहिल्या खेपेला तो स्वतः ट्रकमधून गेला. धुळा सवयीनं ट्रेलरवर चढायला लागला, तर इमामनं त्याला खाली बोलावून पुढं केबिनमध्ये बसवलं. सुर्लीच्या घाटात निम्म्यावर मेंढरांचा कळप आडवा आला. कृष्णातनं ट्रक उभा केला. पुन्हा निघताना गाडी मागं आली, थांबली आणि मोठा हिसका देऊन वर चढली. मागं साखळ्या कडाडल्या. धुळानं डोळे मिटून गुडघा दोन्ही हातांनी धरला.

माथ्यावर थांबून त्यांनी पाहिलं. ट्रॅक्टर जागचा हलला नव्हता. मागचा एक बोल्ट तेवढा थोडा वाकला होता. इमामनं त्याच्यावरून बोट फिरवलं आणि पुढच्या वेळी याहून जाड घालू म्हणाला.

विट्याला लालासाहेब आपल्या मोटारीनं येऊन थांबले होते. त्यांनी चारी बाजूंनी हिंडून काम पाहिलं. काम झकास झालं आहे, असं म्हणाले. मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, की आता ट्रेलरवर माणूस लागत नाही, तेव्हा धुळाला घरी बसवू.

धुळा खाली मान घालून उभा राहिला. इमामनं ज्याच्यासाठी हे केलं, त्याचीच भाकरी तोडली होती.

बोलला कृष्णात. आवाज न चढवता, टोपीनं तोंड पुसत.

"मालक, साखळ्या वाटंत दोनदा तरी आवळाय लागत्यात. दोघांचं काम हाय ते. धुळा नसंल तर ट्रक तुमीच न्या. मी लय दमलोय."

त्यानं चावी मोटारीच्या नाकाडावर ठेवली. लालासाहेब चावीकडं आणि मग ट्रॅक्टरकडं बघत राहिले. म्हसवडची माणसं नांगरटीसाठी खोळंबली होती आणि घाटात ट्रेलर ओढणारा दुसरा ड्रायव्हर जवळपास मिळणार नव्हता. अखेर त्यांनी चावी उचलून कृष्णातच्या हातात दिली आणि मोटारीत बसले.

धुळा पुन्हा केबिनमध्ये चढला. वाकत नसलेला पाय आत घ्यायला त्याला वेळ लागला. कृष्णात तोवर थांबला.

इमाम एका भाड्याच्या मोटारीनं उलटा फिरला आणि पेठेपासून पायी घरी आला. अख्तरबी अंगणात ज्वारी पाखडत होती. कड्या टिकल्या का, असं तिनं विचारलं. त्यानं मान डोलावली आणि ओसरीवर आडवा झाला. तिनं तेल कोमट केलं आणि त्याच्या खांद्याला चोळायला बसली. थोड्या वेळानं तो उठून बसला, वाटी स्वतःकडं ओढली आणि तिचा हात हातात घेऊन मनगटापासून चोळायला लागला.