दोन बोटं पुढे

भिंगांच्या कारखान्यात तिला सगळे फूटपट्टी म्हणत. तोंडावर ताई आणि पाठीमागे फूटपट्टी. तिला दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दुसरंच जास्त आवडायचं. निवृत्त होईपर्यंत एकवीस वर्षं ती जुळवणीच्या शेवटच्या टेबलावर बसली. ड्रॉइंगमध्ये जे लिहिलंय त्याच्या केसभरही इकडे नाही की तिकडे नाही, अशी तिची ख्याती. घरीही तोच खाक्या. लेकीच्या चित्रातला रंग रेघेबाहेर गेला की ही बाई खोडरबर घेऊन हजर. लेक तशीच घडली, त्याच कारखान्यात लागली आणि आता तर तपासणी विभागाची प्रमुख झाली होती. खाण तशी माती, असं लोक म्हणायचे.

तर या फूटपट्टीने त्या एकवीसपैकी एकोणीस वर्षं रोजच्या रोज ड्रॉइंग मोडलं होतं, आणि हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

ते उघड होण्याचं कारण असं झालं की कारखान्याने आपलं जुनं नावाजलेलं भिंग पुन्हा काढायचं ठरवलं. हे भिंग जुन्या चालीच्या कॅमेऱ्याचं. त्यात भिंगातून बघायची सोयच नसते. बाजूच्या छोट्या खिडकीतून समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, त्या एकीवर एक आणून बसवल्या की अंतर जुळलं असं समजायचं. भिंगाने आपलं काम नीट केलं की नाही, हे फोटो निघाल्यावरच कळतं. मधल्या काळात असे कॅमेरे मागे पडले आणि भिंगही बंद झालं. आता त्याच चालीचे, पण फिल्मऐवजी पडद्यावर फोटो दाखवणारे कॅमेरे निघाले होते, तरुण मंडळींना त्यांचं वेड लागलं होतं आणि जुनी भिंगं सोन्याच्या भावाने जात होती. तेव्हा तोच घाट, तेच पितळ, तशाच काचा घेऊन कारखान्याने कंबर कसली.

मापात पहिले नग शंभर नंबरी उतरले. मग वीस नग फोटोग्राफरांना वापरायला दिले आणि तिथे माशी शिंकली.

"सगळ्यांचं एकच रडगाणं," रविवारी आईकडे आलेली लेक म्हणाली. "जवळून चेहरा काढला की डोळे धूसर आणि कान स्वच्छ."

"कानांना कधी कोणी विचारत नाही," वडील पेपरमागून म्हणाले. "त्यांनाही एकदा संधी मिळू दे."

लेक हसली नाही. "शुक्रवारी बैठक आहे, बाबा. कारण सापडलं नाही तर सगळं काम गुंडाळणार. मोठे साहेबही येणार आहेत."

मोठे साहेब म्हणजे या भिंगाचे जन्मदाते. त्यांनीच ते कागदावर काढलं होतं. आता सत्त्याऐंशी वर्षांचे होते.

"जुनी भिंगं मापून पाहिलीस?" आईने विचारलं.

"पाच मापली. पाचही चुकलेली. जिथे धरायला हवं त्याच्या जरा अलीकडचं धरतात. झिजली असतील. आम्ही ड्रॉइंगप्रमाणेच केलं."

"पाच म्हातारी एकसारखी झिजतात होय गं?" आई बोलून गेली आणि लगेच कपबश्या उचलायला लागली.

कारण तिला कळून चुकलं होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिने रविवारसाठी कारखान्यातला कॅमेरा घरी आणला होता आणि हौसेने सासूबाईंचा फोटो काढला होता. त्यात कान तेवढे लख्ख आले. "माझ्या तोंडापेक्षा कान बरे दिसले वाटतं," असं म्हणून सासूबाईंनी आठवडाभर अबोला धरला. भिंग मापाच्या यंत्रावर चढवलं तर निर्दोष. मग पुढच्या रविवारी तिने कॅमेरा नवऱ्याच्या हातात दिला आणि स्वतः बाजूला उभी राहून नुसतं बघत राहिली. नवऱ्याने पाय रोवले, कोपरं अंगाशी धरली, अंतर जुळवलं. आणि बटण दाबता दाबता तो दोन बोटं पुढे झुकला. दीर झुकला, जाऊ झुकली, शेजारीणही झुकली. झाडाचा किंवा भिंतीचा फोटो काढताना कोणी हलत नव्हतं. समोर आपलं माणूस असलं की मात्र सगळे झुकत होते, आणि झुकलेलं कोणाला कळतही नव्हतं. यंत्राच्या चिमट्याला कुठलं आलंय आपलं माणूस.

सोमवारपासून तिने प्रत्येक भिंगाखाली कागदाहून पातळ अशी एक जादा पितळी चकती सरकवायला सुरुवात केली, म्हणजे भिंग दोन बोटं अलीकडचं धरेल. शेवटचा शिक्का तिचाच, त्यामुळे विचारणारं कोणी नव्हतं. पुढे भिंगाचं नाव झालं. 'यातून डोळे बोलतात' अशी पत्रं यायला लागली, मोठ्या साहेबांना पदक मिळालं. आता कोणत्या तोंडाने सांगणार?

सोमवार ते बुधवार तिने चार वेळा फोन उचलला आणि खाली ठेवला. गुरुवारी लेकीचाच फोन आला.

"मीच कुठेतरी चुकले असणार, आई. माझ्या जागी तू असतीस तर चुकली नसतीस."

हे मात्र वर्मी लागलं. शुक्रवारी सकाळी फूटपट्टी इस्त्रीची साडी नेसून, पर्समध्ये जुन्या चकत्यांची डबी घेऊन कारखान्याच्या दारात उभी होती.

बैठकीत तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. सासूबाईंच्या कानांसकट. लेकीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण आईने तो पाहिला नाही. तिचं सगळं लक्ष साहेबांकडे होतं.

"एकोणीस वर्षं?" साहेब म्हणाले.

"हो, साहेब."

"माझ्या ड्रॉइंगवर?"

"ड्रॉइंग बरोबरच आहे, साहेब. भिंतीसाठी अगदी बरोबर आहे."

कोणीतरी खोकलं. साहेबांनी काठी टेबलाला टेकवली आणि कॅमेरा मागितला. नवं भिंग लावून त्यांनी तिचा फोटो काढला. पडद्यावर मोठा करून पाहिला तर तिच्या कानातल्या कुड्यांचा मोती न मोती मोजता येत होता आणि डोळ्यांवर मात्र धुकं. मग तिने तिथेच बसून भिंग उघडलं, चकती घातली, पेच आवळले. साहेबांनी पुन्हा फोटो काढला. या वेळी डोळे आले, पापण्यांसकट.

"मी झुकलो नव्हतो," साहेब म्हणाले.

मोठ्यांच्या मधे कधी तोंड न उघडणारी लेक म्हणाली, "झुकलात, सर. मी बघत होते. दोन्ही वेळा."

साहेबांनी कॅमेरा खाली ठेवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि सगळ्यांना वाटलं आता काही खरं नाही. पण ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "पदक कशाबद्दल मिळालं होतं ते आज कळलं," असं म्हणत त्यांनी लाल पेन्सिल मागवली, आपल्या हाताने ड्रॉइंगवरचा आकडा खोडला, चकतीचा नवा आकडा लिहिला आणि शेजारी तिला सही करायला लावली. फूटपट्टीची सही आयुष्यात पहिल्यांदा चौकटीबाहेर गेली. आनंदाने गेली, दुसरं काही नाही.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "रेघेबाहेर रंग गेला म्हणून मला रडवायचीस तू."

"रंगाला काही कारण नसायचं. चकतीला होतं."

भिंग निघणार हे ठरलं, पण लेकीपुढे नवाच पेच उभा राहिला. साहेबांचा नवा आकडा धरला तर मापाच्या यंत्रावर प्रत्येक नग नापास होणार. यंत्राचा आकडा बदलता आला असता, पण आकड्याच्या भरवशावर एकदा तोंडघशी पडलेली ती, दोन दिवस तपासणीचा कागद पुढ्यात घेऊन बसली. सोमवारी नवा कागद लागला. यंत्राचं माप चकती घालण्याआधीच उरकायचं, आणि चकती बसल्यावर आता एक जादा पायरी होती: कॅमेरा हातात घेऊन आपल्या आवडीच्या माणसाचा फोटो काढणे. त्यापुढे दोन रकाने, 'समोर कोण' आणि 'काय दिसलं'. तपासणी विभागात दिवसभर हशा होता, कारण कोण कोणाला समोर बसवतो यावरून जुनी गुपितं बाहेर पडायला लागली.

पहिला नग तपासायला लेकीने आईला बोलावून घेतलं. खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं, कोपरं अंगाशी धरली आणि फोटो काढला. मग कागद ओढून पहिल्या रकान्यात लिहिलं, 'आई'. दुसऱ्यात 'डोळे स्वच्छ' एवढंच लिहायचं होतं. लेकीने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि लिहिलं, 'हसते आहे'.

फूटपट्टीने ते वाचलं, आणि शिक्का मारला.