आनंदाबाईंचा डावा गाल

तळेगावच्या आठवडी बाजारात आनंदाबाई भाजी विकायला बसत, तेव्हा नवखं गिऱ्हाईक वांग्यांच्या आधी त्यांच्या तोंडाकडे पाही. बऱ्याचदा त्यांचा डावा गाल एका रंगाचा असे आणि उजवा दुसऱ्या. उजवा देवानं दिलेला, वावरातल्या उन्हात तापलेला, सावळा. डाव्यावर त्या आठवड्यात बाजारात जे काही नवं आलं असेल ते. कधी स्नो, कधी पावडर, कधी लाली. कुणी विचारलंच तर त्या वांगी तोलता तोलता सांगत, "पाहून राह्यली कशी हाये ते. सारं तोंड कायले खराब करू?"

मी आईचा पदर धरून बाजारात जायची, तेव्हापासून आनंदाबाईंना अशीच पाहत आले. नवरा रूपरावजी. विहिरीवरचा भाजीचा मळा दोघं मिळून करत. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, हंगामात मेथी. बाई कामाला वाघीण, पण नटण्याची हौस दांडगी. वेणीत फूल नाही असा त्यांचा बाजार गेला नाही.

या अर्ध्या तोंडाचं मूळ त्यांच्या धाकट्या दिराच्या लग्नात होतं. साल बहात्तर असेल. तेव्हा बाटलीतल्या ओल्या कुंकवाची नवी टूम निघाली होती. आनंदाबाईंनी ते कुंकू आणि बरणीतला स्नो, दोन्ही हौसेनं लावलं. मे महिना, मंडपात पत्रे, वर ऊन. वरात दारात येईपर्यंत स्नो सुकून त्याला कपाशीच्या वावरासारख्या भेगा पडल्या आणि कुंकवाची धार नाकाच्या शेंड्यावरून ओठापर्यंत आली. ओवाळायला ताट घेऊन पुढे गेल्या, तर नवरदेवानं, म्हणजे सख्ख्या दिरानं, विचारलं, "वहिनी, पडल्या का कुठी?"

दुसरी एखादी लाजून आत पळाली असती. आनंदाबाईंना राग आला. कुंकू पुसल्यावर कपाळावर हिरवट डाग उरला होता, तो आठवडाभर गेला नाही. तोवर त्या घरात एकच गोष्ट बोलत होत्या. "माह्या मायनं जन्मभर मेणावर कुंकू लावलं. उन्हात निंदलं, पावसात भिजली, कधी वाहलं नाई. मंग हे बाटलीतलं कायले वाह्यते?" त्यानंतर त्यांनी ठरवलं, कोणतीही नवी वस्तू आधी डाव्या गालावर एक बाजारभर राहील, मग उजव्याला मिळेल. उजव्याला फारसं काही मिळालंच नाही.

त्यांच्या शेजारी पुंडलिकरावांचं मनिहारीचं दुकान लागे. बांगड्या, रिबिनी, कंगवे, आणि पुढे चकचकीत बरण्यांची रांग. जागा बाजार भरायला लागल्यापासूनच्या, त्यामुळे शेजार काही सुटण्यातला नव्हता. पुंडलिकराव गोड बोलणारे. पोरगी दुकानापुढे थांबली की म्हणत, "बाई, हे लाव, तुले तुही मायबी ओळखणार नाई."

शेजारून आनंदाबाई मान न वळवता म्हणत, "खरं हाये. मी लावलतं, तर आमची गाय बिचकली."

पोरगी हसायची आणि बरणी खाली ठेवायची. नखांचा रंग घ्यायला कुणी आली, की आनंदाबाई सांगत, "घे, पण भाकरी थापू नोको. परवा आमच्या ह्यायच्या भाकरीत गुलाबी टिकली निघाली." काजळाच्या डबीबद्दल त्यांचं मत असं, की ते सकाळी डोळ्यात असतं आणि दुपारी गालावर, तेव्हा गालाला काजळ पाहिजे असेल तर जरूर घ्यावं. नाहीतर एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी पालथी घालून घरी धरावं, थोडं तूप घालावं, झालं.

पण त्या नुसत्या 'नको घेऊ' म्हणणाऱ्या नव्हत्या. काय घ्यावं तेही सांगत, आणि तिथंच पुंडलिकरावांची पंचाईत होई. कारण आनंदाबाईंना पसंत पडलेल्या वस्तू नेमक्या कमी नफ्याच्या. मागच्या फळीवर एक हिरव्या डब्याची पावडर होती. डब्यावर बाईचं चित्र नाही, वासही बेताचा, पण अंगावर घामोळं येऊ देत नसे. "तो मांगचा हिरवा डब्बा काढा भाऊ," त्या बसल्या जागेवरून सांगत. थंडीत ओठ फुटले तर औषधाच्या दुकानातून ग्लिसरीन आणून गुलाबपाण्यात मिसळायचं. टाचांना मेण आणि गोडं तेल. तोंडाला संत्र्याच्या सालीची भुकटी आणि बेसन. आमच्या भागात संत्र्यांना काय तोटा, साली तर उकिरड्यावर जायच्या. आनंदाबाई त्या पत्र्यावर वाळवून जात्यावर दळत आणि वांग्यांच्या बाजूला टोपलीत पुड्या ठेवत.

एकाच वस्तूबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला रूपरावजींनी कारंज्याहून पावडरचा एक डबा आणला होता. ट्रकवाल्याला थांबवून, त्याच्या बाजूला बसून, डबा मांडीवर धरून आणला होता म्हणे. पावडर कसली, खडूचा चुरा होता. लावला की तोंड पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंतीसारखं दिसे. आनंदाबाईंनी तो डबा दोन वर्षं पुरवून वापरला. घरात लावायच्या, बाहेर पडताना गोठ्यात जाऊन पुसायच्या. डबा संपला तेव्हा रूपरावजी म्हणाले, "अवं, अजून आणू का तसलाच?" तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू द्या, सवय लागन." माझ्या आईनं हे ऐकून विचारलं होतं, "आनंदाबाई, तुमी साऱ्या जगाले खरं सांगता, त्यायले काऊन नाई सांगितलं?" त्यावर त्या इतकंच म्हणाल्या, "त्यायनं काय दुकान लावलं होतं?"

सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात नागपूरहून एक विक्रेता आला. बुशशर्ट, काळा चष्मा, हातात चामडी बॅग. त्यानं पुंडलिकरावांपुढे 'गौरमोहिनी' नावाची क्रीम ठेवली. बरणीवर चंद्र, चंद्रात बाई. "लगाते ही रंग खुल जाएगा, गॅरंटी," तो म्हणाला. पुंडलिकरावांचे डोळे चकाकले. मग सवयीनं त्यांनी शेजारी पाहिलं.

"द्या थोडी," आनंदाबाई म्हणाल्या. त्यांनी गाल पुढे केला, क्रीम लावली आणि पुन्हा मिरच्या मोजायला लागल्या. दुपारपर्यंत गाल राखेसारखा झाला. तिसऱ्या प्रहरी त्यांनी विहिरीचं पाणी मागवून तो धुतला.

"जळजळ होते भाऊ. यात काईतरी खार हाये, सोडा असतो तसा. नोका घेऊ."

विक्रेता हसला. "अहो, या बाईंची कातडी उन्हातली. नाजूक मुलींसाठी आहे हे."

पुंडलिकरावांना ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. इतकी वर्षं शेजारच्या टोपलीमागून धंदा बुडत होता, त्याचाही सल असेल. त्यांनी मोठं खोकं घेतलं.  पुढच्या बाजारापासून कुणी गौरमोहिनी हातात घेतली, की आनंदाबाई आपला डावा गाल खाजवत. तेवढ्यानंच भागे.

बरण्या काही खपल्या नाहीत. उन्हाळ्यात पुंडलिकरावांच्या गोपिकाचं लग्न निघालं. मुलगा आर्वीचा, एसटीत कारकून. त्याची आई देवकाबाई भारी कडक, असं आधीच कानावर आलं होतं. पुंडलिकरावांनी ठरवलं, बाजार काहीही म्हणो, आपल्या पोरीला आपल्याच दुकानातली सगळ्यात महाग वस्तू लावायची. त्यांच्या बायकोनं, शोभाबाईंनी, नवी बरणी फोडली आणि गोपिकाला तोंड, मान, कोपरापर्यंत हात, सगळीकडे चोपडलं. दोन दिवस पोरीला हळद लागली होती, तिच्यावरच.

मी त्या खोलीत होते. आधी कुणाला काही कळलं नाही. मग गोपिका म्हणाली, "माय, आंग चावून राह्यलं." आम्ही पाहिलं तर ती लाल होत चालली होती. लाजेचा लाल नव्हे, शेंदराचा. गाल लाल, कपाळ लाल, कोपरापर्यंत हात लाल, आणि त्यापुढे दंड पिवळे. मारुतीच्या देवळातून उठून कुणी पाटावर येऊन बसावं तशी पोरगी दिसत होती.

शोभाबाईंनी घाईघाईनं कपड्याच्या साबणानं तिचं तोंड धुतलं. ती आणखी लाल झाली. बाहेर बँड ऐकू यायला लागला. पुंडलिकराव दारातून डोकावले आणि तिथंच खाली बसले. "गोवर निघाला का वं?" त्यांनी विचारलं. कुणीतरी म्हणालं, अंगात देवी आली असेल. गोपिका रडायला लागली, तसं डोळ्यांच्या खालून गालावर आणखी गडद ओघळ उतरले.

आनंदाबाई मागच्या अंगणात स्वयंपाकाच्या बायकांत बसून वांगी चिरत होत्या. लग्नातली वांगी त्यांच्याच मळ्यातली. त्यांना बोलावलं तशा त्या विळी बाजूला ठेवून, हात पुसत आत आल्या. गोपिकाची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली.

"हळद लावलती ना?"

"हाव."

"अन् वरून ते बरणीतलं?"

शोभाबाईंनी फोडलेली बरणी पुढे केली.

"अवं, हळदीत खार पडला की कुंकू होते, हे माहीत नाई का तुमाले? अन् वरून साबण लावली. पोरीचं कुंकू करून ठेवलं तुमी." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जाय वं, पानावर वाढाले लिंबं कापून ठेवले हायेत, तो सारा टोपला आण. अन् मठ्ठ्यासाठी दही हाये, तेबी."

लिंबाचा रस पाण्यात पिळून त्यांनी हलक्या हातानं पुसायला सुरुवात केली. आणि जिथं हात फिरला तिथली लाली उतरून गोपिका पिवळी व्हायला लागली. आधी कपाळ, मग एक गाल, मग दुसरा.  शेवटी थंड पाण्यानं धुऊन वर दही लावलं, पुन्हा धुतलं. बँड दारात आला तेव्हा गोपिका नुसत्या हळदीच्या रंगाची, धुतल्या तोंडाची, मेणावर कुंकू लावलेली बसली होती. क्रीम नाही, पावडर नाही. कारण पावडर लावायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

अंतरपाट दूर झाला. देवकाबाईंनी सुनेला नीट न्याहाळलं. पुंडलिकराव मांडवाच्या खांबाआड सरकले. देवकाबाई आपल्या नणंदेला म्हणाल्या, "एवढा मनिहारी बाप, पण पोरीले काई थापलं नाई. साधे लोकं दिसतात."

त्या दिवशी वऱ्हाड्यांच्या पानावर लिंबू नव्हतं आणि मठ्ठा पातळ झाला होता. एकानं कुरकुर केली. पुंडलिकरावांनी त्याला स्वतः दोनदा बुंदी वाढली.

लग्न आटोपल्यावर उरलेल्या बरण्यांचा प्रश्न होता. शोभाबाईंनी रागानं त्यातली एक राखेत कालवून हंड्याला फासली, तर हंडा सोन्यासारखा निघाला. पुंडलिकरावांनी हे आनंदाबाईंना येऊन सांगितलं. त्यांनी आपल्या घागरीवर करून पाहिलं आणि कबूल केलं, "पितळेले चांगली हाये." झालं. दोन बाजारांत गौरमोहिनीचं खोकं रिकामं झालं. पुढे तो काळा चष्मा पुन्हा आला आणि रिकामी फळी पाहून खूश झाला.

"बोललो होतो ना? महिलांना पसंत पडलं?"

"भल्लं पसंत पडलं," पुंडलिकराव म्हणाले. "पण तुमी बरणीवर बाईचं चित्र काऊन काढता? घागरीचं काढा."

त्यानंतर पुंडलिकराव कोणताही नवा माल आधी शेजारी दाखवत. ऐंशीनंतर तर बाया दुकानात आल्या की बरणीवरचं नाव वाचत नसत, "आनंदाबाईनं लावली का?" एवढंच विचारत. हिरवे डबे पुढच्या फळीवर आले. नफा कमी, पण खप इतका वाढला की पुंडलिकरावांनी तक्रार करायचं सोडलं.

एका बाजारी देवकाबाई आर्वीहून मुद्दाम आल्या. धाकट्या लेकीला पाहायला पाहुणे येणार होते, आणि लग्नात सुनेच्या तोंडावरून शेवटचा हात आनंदाबाईंचा फिरला होता, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. पोरगी सावळी होती आणि त्याच काळजीनं देवकाबाईंचा कडकपणा बराच उतरला होता. त्या आनंदाबाईंच्या टोपलीपुढे उकिडव्या बसल्या. "माह्या सुनेले लग्नात तुमी जे लावलतं ते द्या. लय तेज होतं तोंडावर."

"ते तिचंच होतं," आनंदाबाई म्हणाल्या. "मी फक्त पुसलं." शेजारी पुंडलिकरावांना एकाएकी खोकला आला. आनंदाबाईंनी संत्र्याच्या भुकटीची पुडी बांधून दिली आणि विचारलं, "पाहुणे आल्यावर पोहे कोण करते?"

"पोरगीच करन. कोण करन मंग?"

"मे महिन्यात चुलीपुढं बसवान, धुरात डोळे लाल, तोंडावर घाम, अन् तशीच ताट घेऊन बाहेर पाठवान. मंग कोनतीबी क्रीम लावा, काय होईन? तिले थंड पाण्यानं तोंड धुऊ द्या, सावलीत बसू द्या. पोहे तुमी करा."

देवकाबाईंनी पुडी पदरात बांधली. "पण पोहे पोरीनं केले असं सांगा लागते ना."

"सांगा ना. चुलीपाशी कोण येऊन राह्यलं पाहाले?"

पाहुणे आले, पोरगी पसंत पडली. गोपिका माहेरी आली तेव्हा तिनं हे सगळं सांगितलं. मुलाच्या बापानं म्हणे दोनदा पोहे मागून घेतले आणि म्हटलं, पोरीच्या हाताला काय चव आहे. देवकाबाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांच्या हाताची अशी तारीफ उभ्या संसारात कुणी केली नव्हती.